अधिक-उणे

आमच्या सरांविषयी इथल्या मराठी मंडळात अजून जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं मीच सांगितलेलं आहे. ते हेकट होते हे खरं. तोंडावर बोलायचे हेही खरं. पण "त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला भर कार्यक्रमात खोटं पाडलं" एवढं सांगून जे थांबतात त्यांना मी थांबू देत नाही. पुढचं ऐकून जा म्हणते. समोरची बाई कोट चढवून दारात उभी असली तरी म्हणते, आणि तिचे बूट तिच्या हातात राहतात.

मी कोल्हापूरला केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडात मिल्टनला आले, दोन वर्षं ग्रोसरीच्या कॅशवर उभी राहिले आणि चाळिशीला टेकता टेकता एका विद्यापीठाच्या बेसमेंटमधल्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. ती कार्बनवरून वय काढण्याची लॅब. जिवंत असतं ते सगळं हवेतून थोडा किरणोत्सारी कार्बन घेत राहतं. मेलं की घेणं बंद होतं आणि आत असलेला कार्बन ठरलेल्या चालीनं कमी होत जातो. किती उरलाय ते मोजलं की मरून किती काळ झाला ते कळतं. उत्खननवाले कोळशाचे तुकडे आणि मक्याचे जळके दाणे पाठवायचे. पर्यावरणवाले तळ्याच्या तळाचा चिखल नळ्यांमध्ये भरून आणायचे, कारण जंगल कधी जळलं आणि शेती कधी सुरू झाली हे त्यांना त्या चिखलातून वाचायचं असायचं. आम्ही नमुना धुवायचो, जाळायचो, त्याचं चिमूटभर ग्राफाईट करायचो आणि ते मोजायला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवायचो.

"आपण धुणं धुणारे," सर म्हणायचे. "धुणं चुकलं तर यंत्र काय करणार?"

सर त्या लॅबमध्ये सत्तरच्या दशकापासून होते. मी लागले तेव्हा कागदोपत्री निवृत्त झाले होते, पण रोज यायचे आणि त्यांना येऊ नका म्हणायची कुणाची छाती नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. दारात अडवलं, नाक पुढे केलं आणि म्हणाले, "डोक्याला तेल लावलंय?"

लावलं होतं. रविवारचं होतं ते, सोमवारच्या आंघोळीत पूर्ण गेलं नव्हतं.

"मग आज नमुन्यांना हात लावायचा नाही. तिकडे बसा आणि वह्या वाचा."

कोल्हापुरात कुणी असं म्हटलं असतं तर मी चप्पल घालून घरी गेले असते. इथे बर्फ पडत होता म्हणून वह्या वाचल्या. नंतर कळलं की तेलाशी त्यांचं आयुष्यभराचं वैर होतं. खोबरेल म्हणजे परवाचा कार्बन, तो लागला की नमुना तरुण होतो. हँडक्रीम खनिज तेलातून आलेलं, म्हणजे कोट्यवधी वर्षांचं, ते लागलं की नमुना म्हातारा होतो. दिवाळीत कुणी चकल्यांचा डबा आणला तर तो बाहेर कॉरिडॉरमध्येच उघडायचा. सर स्वतः तिथे उभे राहून सहा-सात चकल्या खायचे, मग सर्जनसारखे कोपरापर्यंत हात धुऊन आत यायचे.

दुसरं वैर नेमक्या आकड्याशी. प्रत्येक निकालापुढे "अधिक-उणे" लिहून चुकीची शक्यता किती ते सांगायचं असतं, ही त्या धंद्याची रीत आहे. सरांनी ती संसारात आणली होती. "नऊला पोचतो, अधिक-उणे सात मिनिटं." "भाजीत मीठ बरोबर आहे, अधिक-उणे चिमूट." एका विद्यार्थ्याने निकालाच्या तक्त्यात चुकून "अधिक-उणे शून्य" टाइप केलं, तेव्हा सरांनी तो कागद सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "शून्य फक्त खोटारडे लिहितात." त्या मुलाने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. मला तेव्हा सरांचा राग आला होता आणि तो मी त्यांना सांगितलाही. ते म्हणाले, "रागवा. पण तक्ता सुधारला की नाही?"

गंमत म्हणजे जगाची वयं काढणाऱ्या या माणसाला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं. पासपोर्टवर एक जून. आपल्याकडे शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जून टाकायचे, त्यातलेच हे. मंडळात अशी एक जूनची सहा मंडळी होती आणि दरवर्षी सहा जणांत मिळून एक केक कापला जायचा. सर कधी गेले नाहीत. "तो माझा वाढदिवस नाही, हेडमास्तरांचा आहे," असं उत्तर एकदा त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं. उरलेल्या पाच जणांना ते अजून डाचतं.

पण त्यांचा खरा हट्ट तिसराच होता, आणि घोळ त्यानेच केला. नमुना आणणाऱ्याची गोष्ट ते ऐकायचे नाहीत. फॉइलमध्ये तुकडा, वर नंबर, बस. वस्तू कुठली, कुणाची, किती जुनी वाटते, एक अक्षर नको. ग्वेल्फकडचा एक शेतकरी दलदलीतून निघालेला लाकडाचा ओंडका पिकअपमध्ये घालून घेऊन आला आणि "यू सी, माय ग्रँडफादर ऑल्वेज सेड..." असं सुरू झाला. सरांनी सरळ दोन्ही कानांत बोटं घातली. सहा फुटी गोरा माणूस तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"नो स्टोरी, प्लीज," सर म्हणाले. "ओन्ली वुड."

तो गेल्यावर मला म्हणाले, "गोष्ट ऐकली की हात तिच्या बाजूने झुकतो. आपल्याला कळतसुद्धा नाही." मला ते तेव्हा फार पटलं होतं. आजही निम्मं पटतं.

आता सिस्टरबाई. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या मालवणकडच्या, साडेचार फूट उंच. मंडळात सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणायचे. पन्नासेक वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन त्या या देशात उतरल्या आणि त्या ट्रंकेत साडीच्या घड्यांत गुंडाळलेली फणसाच्या लाकडाची एक देवी होती, वीतभर उंचीची, नाक जरा झिजलेलं. त्यांच्या घराण्यात ती सासूकडून सुनेकडे जायची. यजमान गेलेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून सूनही नव्हती. मंडळाने नवा हॉल घेतला तेव्हा देवी तिथे काचेच्या कपाटात ठेवा असं त्या स्वतःहून म्हणाल्या. एवढंच त्यांना हवं होतं, की आपल्यामागे ती कुठल्या डोनेशनच्या खोक्यात जाऊ नये.

आमच्या अध्यक्षांना मात्र एवढं पुरेना. मिल्टनचे रिटायर्ड इंजिनिअर, उत्साही माणूस. त्यांनी "तीनशे वर्षांचा वारसा" असा बॅनर छापून घेतला आणि मग त्यांना आठवलं की आपल्यात एक कार्बनवाले सर आहेत. सर म्हणाले, बुडाचा एक कपचा पाठवा.

कपचा घेऊन सिस्टरबाई स्वतः आल्या. दोन बस बदलून, डिसेंबरच्या थंडीत. फॉइलची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "एक सांगायचं होतं हो सर."

सरांनी तळहात वर केला. "नंतर. आधी लाकूड."

"पण ते कामाचं आहे."

"सगळ्यांचं कामाचंच असतं, बाई. नंतर."

मी तिथेच उभी होते. बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "इथे घरातली हवा फार कोरडी गो बाय. घर तापवायचा फर्नेस चालू झाला की देवी चिरते. फार जपावं लागतं तिला." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष बस येतेय का याच्याकडे होतं. कसं जपता, एवढंच विचारायचं होतं मला. मी विचारलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी सरांच्या पदरात टाकत नाही.

निकाल आला तो विचित्र. पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्याने हवेतला हा कार्बन जवळजवळ दुप्पट झाला होता. त्यानंतर जे जे उगवलं त्याच्यावर ती खूण आहे, माझ्यावर आहे, तुमच्यावर आहे. सिस्टरबाईंच्या कपच्यातही ती निघाली. अर्थ सरळ होता: लाकूड बॉम्बनंतरचं.

सरांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणाले, "सर, इट्स अ कम्युनिटी इव्हेंट, कोर्ट नाही. तुम्ही नुसतं 'पुरातन' म्हणा."

"मला न बोलवणं तुमच्या हातात आहे," सर म्हणाले. "बोलावलंत तर मी निकाल सांगणार."

बोलावलं. अध्यक्षांना वाटलं, माइकसमोर आले की सगळेच नरमतात. संक्रांतीचा कार्यक्रम, तिळगूळ वाटून झालेला, पहिल्या रांगेत सिस्टरबाई, मांडीवर टॉवेलात देवी. सर उठले आणि म्हणाले, "नमुना एकोणीसशे पन्नासनंतरचा आहे." आणि बसले. अधिक-उणेसुद्धा म्हणाले नाहीत, कारण बॉम्बच्या खुणेला त्याची गरज नसते.

मागे कुणाचं तरी मूल "इज इट फेक?" म्हणालं ते सगळ्यांना ऐकू आलं. सिस्टरबाईंनी देवी टॉवेलात नीट गुंडाळली, कोट घातला आणि निघून गेल्या. रडल्या वगैरे नाहीत, ते लोकांनी नंतर जोडलं. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर कुणी लिहिलं की अशा मूर्ती एम्पोरियममध्ये मिळतात. कुणी हसण्याचा चेहरा टाकला. पन्नास वर्षं ज्या बाईने निम्म्या मंडळाच्या बाळंतपणांत उशाशी बसून रात्री काढल्या, तिच्याबद्दल. मला अजून त्या चेहऱ्याचा संताप येतो.

फेब्रुवारीत मी तिळाच्या वड्या घेऊन त्यांच्या घरी गेले. लाज वाटत होती म्हणूनच गेले. त्यांनी दार उघडलं, आत बस म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर देवी आडवी, शेजारी हार्डवेअरच्या दुकानातला तेलाचा डबा. फडक्याचा बोळा तेलात बुडवून त्या देवीच्या पाठीत तेल जिरवत होत्या, तान्ह्या मुलाला चोळावं तशा.

"हे काय करताय?"

"जवसाचं तेल. नाहीतर चिरते म्हटलं ना तुला. आल्यापासून करते, दर हिवाळ्यात. आधी सगळीकडून चोळायचं, मग बुडात ओतून ठेवायचं रात्रभर. हेच सांगायचं होतं तुझ्या सरांना."

माझ्या हातातली वडी हातातच राहिली. जवसाचं तेल वाळून लाकडात घट्ट होतं, आमच्या नेहमीच्या धुण्याने पूर्ण निघत नाही. आणि हे तेल सगळं बॉम्बनंतरच्या जवसाचं. जुन्या लाकडात पन्नास हिवाळ्यांचं नवं तेल, तेही बुडात, जिथून कपचा काढला तिथेच.

सकाळी मी सरांना सांगितलं. नेहमीसारखे मधेच बोलतील असं वाटलं होतं, पण शेवटपर्यंत ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी आयुष्यभर लोकांची डोकी हुंगली," ते म्हणाले. "आणि हा कपचा हुंगला नाही." मग कोट उचलला. "चला. तुमच्या गाडीला विंटर टायर्स आहेत ना?"

सिस्टरबाईंनी दार उघडलं तेव्हा सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मी चुकलो," म्हणाले. "तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. लाकूड मी परत तपासणार आहे, तुमची परवानगी असेल तर. पण आधी सांगा. सगळं सांगा."

त्यांनी सरांच्या बुटांकडे बघितलं. "बूट काढा," म्हणाल्या. "फरशी ओली होते."

मग दोन तास सर त्या छोट्या स्वयंपाकघरात बसून गोष्ट ऐकत होते, वहीत लिहून घेत होते. मी त्यांच्याबरोबर काढलेल्या सगळ्या वर्षांत हे पहिल्यांदा बघत होते. सिस्टरबाईंनी तीनशे वर्षं असं कधी म्हटलंच नव्हतं, तो आकडा अध्यक्षांचा. त्यांच्या घरात वर्षं मोजायची पद्धतच नव्हती. देवी हातात देण्याआधी सासू नव्या सुनेकडून आधीच्या सगळ्या सुनांची नावं क्रमाने म्हणवून घ्यायची. चुकली तर त्या दिवशी देवी मिळायची नाही. सिस्टरबाई दोनदा चुकल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मिळाली. त्यांनी बोटांवर मोजत नावं म्हटली. राधा, मथुरा, यमुना, भागीरथी, दुर्गा, आणि त्यांची सासू इंदिरा. सातव्या त्या स्वतः.

"नावं म्हणायला आठवी कोण नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून हॉलला द्यायची होती. तिथे तरी कुणी खोटी म्हणणार नाही असं वाटलं."

परत येताना सर हायवेवर वहीतली नावं पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "माझी आई सांगायची, मी झालो तेव्हा विहिरीचं पाणी कसं आटलं होतं, आत्या कुठून चालत आली होती, काय काय. मी म्हणायचो, आई, गोष्ट नको, तारीख सांग. तिला तारीख येत नव्हती. मग ती सांगायचीच बंद झाली." मी हीटर वाढवला.

या वेळी त्यांनी देवीच्या बुडातून आत खोल, तेल पोचलं नसेल तिथून, दोऱ्याएवढं लाकूड काढलं. दिवसचे दिवस वेगवेगळ्या द्रावणांत धुतलं, शेवटी कापसासारखा पांढरा धागा उरला तोच जाळला. मला हातसुद्धा लावू दिला नाही, आणि मी तेल लावलेलं नव्हतं. मार्चअखेर आकडे आले. बॉम्बची खूण कुठेच नव्हती.

पाडव्याच्या कार्यक्रमात सरांनी स्वतःहून माइक मागितला. अध्यक्ष म्हणाले, मी अनाउन्स करतो ना, तुम्ही कशाला. सरांनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, सरळ काढून घेतला. सिस्टरबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, टॉवेलासकट. त्यांना आणायला मला तीन फोन करावे लागले होते.

"जानेवारीत मी इथे उभा राहून चुकीचं बोललो," सर म्हणाले. "लाकूड जुनं आहे. बाई खरं बोलत होत्या. चूक माझी, पूर्ण माझी. ज्यांनी ग्रुपवर हसून घेतलं त्यांनी आता माझ्यावर हसावं."

अध्यक्ष चटकन पुढे झाले. "एक्सलंट. म्हणजे तीनशे म्हणायला हरकत नाही."

"हरकत आहे."

"अहो, कपाटात लावायच्या सर्टिफिकेटवर काहीतरी आकडा..."

"आकडा नाही," सर म्हणाले. "सतराव्या शतकाच्या मध्यापासून बॉम्बच्या आधीपर्यंतच्या काळात कार्बनचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्या तीनशे वर्षांत आमच्या शास्त्राला नीट दिसत नाही. लाकूड त्यातलंच आहे. आणि मी वय सांगतो ते झाडाचं. सुताराने छिन्नी कधी लावली ते मला कधीच सांगता येणार नाही. मला जिथे दिसत नाही तिथे मी सही करत नाही."

"मग कपाटात लिहायचं काय?" अध्यक्ष खरंच रडकुंडीला आले होते.

सरांनी खिशातून एक कार्ड काढलं. घरून लिहूनच आणलं होतं. आधी ते सिस्टरबाईंच्या हातात दिलं आणि त्यांचं वाचून होईपर्यंत उभे राहिले. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवत वाचलं, शेवटच्या ओळीला थांबल्या आणि मान हलवली. मग टॉवेल सोडून देवी स्वतः कपाटात ठेवली.

सर नंतर मुलीकडे व्हिक्टोरियाला राहायला गेले. दर एक जूनला मी त्यांना मुद्दाम शुभेच्छा पाठवते आणि ते दरवर्षी हेडमास्तरांना कळवतो म्हणतात. अध्यक्ष दोनदा बदलले. दोघांनीही ते कार्ड काढून छापील लावायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी कपाटासमोर उभी राहिले. ते सरांच्या तिरप्या अक्षरातच राहणार. त्यावर सात नावं आहेत आणि खाली लिहिलंय:

"वय: सात सुना. अधिक-उणे शून्य."